अठ्ठेचाळीसपर्यंत मोज

"आई, गुडघा बघ केवढा सुजलाय! मी ट्रेक कॅन्सल केलाय, तिघींचाही," हिमानीनं फोन खाली ठेवत सांगितलं.

"अगं, तुम्ही दोघी जा ना!"

"तुला इथे एकटीला ठेवून? काहीतरीच."

शोभनाबाईंनी सुजलेला पाय उशीवर ठेवला. नागपूरच्या शाळेत चौतीस वर्षं त्यांनी भूगोल शिकवला होता. ज्वालामुखीच्या आकृतीतल्या लाव्ह्यासाठी लाल खडू त्या पर्समध्ये जपून ठेवत. एकदा एका मुलीनं विचारलं होतं, "बाई, तुम्ही खरा पाहिलाय?" "पुढच्या तासाला सांगते," म्हणून त्यांनी वेळ मारून नेली होती. आता लेकीनं अमेरिकेतल्या बेलव्ह्यूहून थेट ग्वाटेमालात, अँटिग्वाला आणलं, तर स्पॅनिश लोकांनी वसवलेल्या या जुन्या शहराच्या दगडी रस्त्यांनीच गुडघा धरला. आणि त्यांच्यापायी नऊ वर्षांच्या नातीचाही डोंगर बुडाला.

इला हॉटेलच्या गच्चीत गाल फुगवून बसली होती. शोभनाबाई लंगडत तिच्याशेजारी जाऊन बसल्या. समोर, पडक्या चर्चच्या घुमटामागे, फुएगो ज्वालामुखी उभा होता.

"इट्स सो फार, आजी."

"किती फार?"

"आय डोन्ट नो. गूगल करू?"

"फोन ठेव. डोंगरालाच विचारू."

दोघी वाट बघत बसल्या. इलाची चुळबुळ सुरू झाली आणि तेवढ्यात शिखरावर करडा धूर भसकन फुलला, फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा.

"मोज! एक, दोन..."

"आजी, आवाजच नाही आला!"

"निघालाय बिचारा, माझ्यासारखा हळूहळू. तू मोज."

एकोणतीसला इलाची मराठी संपली. थर्टी, थर्टी-वन... फॉर्टी-एटला खोल गुरगुर आली आणि गच्चीच्या दाराची काच किणकिणली.

"आवाज तीन सेकंदांना एक किलोमीटर येतो. कर भागाकार."

"सिक्स्टीन! मम्मा, लवकर ये! आम्ही व्होल्कॅनो मोजला!"

हिमानी धावत आली. फोटोसाठी तिनं फोन वर केला, तर इलानं तो खाली ओढला. "फोन नको. यू हॅव टु काउंट." मग आजीकडे वळून म्हणाली, "आजी, बिफोर धिस तू कधी पाहिला होतास?"

"नाही गं. नुसताच शिकवला होता."

शोभनाबाई कठडा धरून उठल्या. त्यावर पडलेली फुएगोची राख बोटांना लागली, करडी, बारीक, खडूच्या भुकटीसारखी. सवयीनं त्या हात झटकायला गेल्या, आणि थांबल्या.