टाकीचं विरजण

कुणाच्या तरी चुकीनं ॲसिडचा नळ उघडा राहिला आणि हैबतीच्या टाकीतले जंतू एका दुपारीत मेले. महाडच्या ज्या कारखान्यात तो सांडपाण्याची टाकी सांभाळायचा, तिथल्या सांडपाण्यात सेलेनियम असायचं, गंधकाचं चुलतभावंड, पण विषारी. टाकीतले जंतू हवेऐवजी तेच श्वासात घेत आणि त्याचे निरुपद्रवी लाल कण करून सोडत. पाणी लाल झालं की मंडळी जेवतायत, हे हैबतीला कळे. बारा वर्षांपूर्वी मागच्या ओढ्यातला गाळ आणून त्यानंच ती पोसली होती.

त्याच भरवशावर त्यानं लेकीला, अंकिताला, शब्द दिला होता. तिचं सासर ओढ्याच्या खालच्या अंगाला. "बिनधास्त शिंप भाजीला. माझ्या टाकीतनं आलेलं पानी हाय."

विरजण संपवून बसणाऱ्यातला हैबती नव्हता. दोन वर्षांपूर्वी त्यानं टाकीतला कॅनभर गाळ गावी, कुडपणला घरी ठेवला होता, आणि सांडपाण्याची बाटली. त्यातलं महिन्याला टोपणभर गाळात घाल, असं बायकोला बजावलं होतं. आता कॅन आणायला गेला, तर बाटलीचं सील तसंच.

"जित्या जिवाला इख कोन घालतं?" राहीबाई म्हणाली. "मी पेज घातली. बगा कसं माजलेत!"

हैबतीनं कपाळाला हात लावला.

कारखान्याच्या लॅबमधल्या अनुपमा मॅडमनी एका बाटलीत सांडपाणी आणि कुडपणचा गाळ घातला, दुसरीत ओढ्याचा. ओढ्याची आशा नव्हतीच. जुना गाळ दोन हजार एकवीसच्या पुरानं खरवडून नेला होता आणि नंतर तिथं टाकीतून निघालेलं स्वच्छ पाणीच जात होतं.

तिसऱ्या दिवशी कुडपणची बाटली होती तशीच. ओढ्याची लालभडक.

कारखान्याच्या साहेबांनी पेढे मागवले. हैबतीनंही एक तोंडात टाकला. टाकी वाचली, त्याला खरंच आनंद झाला होता. अनुपमा मात्र पेढा हातात धरून उभी होती.

"हैबतीकाका, कुडपणचे दोन वर्षांत विष पचवायला विसरले. मग हे कसे विसरले नाहीत?"

म्हणजे त्यांना कुणीतरी ओढ्यात विष वाढत होतं. टाकीला वळसा घालून ओढ्यात जाणारा जुना पाइप हैबतीला ठाऊक होता. रविवारी त्याची सुट्टी. रविवारी सांडपाणी निघतच नाही, असं साहेबांनी सांगितलं आणि या शहाण्यानं मान डोलावली होती. त्याला स्वतःचीच चीड आली.

"गाळ कुठला, कधीचा, ते कागदावर लिहा मॅडम. खाली माझी सही घ्या."

बाहेर येऊन त्यानं फोन लावला. "अंकिता गो, वढ्याचं पानी भाजीला घालू नको. हाय ती उपटून टाक."

"अवो बाबा, तुमीच म्हनालात ना, बिनधास्त शिंप?"

"मीच म्हनालो."

"मग पोरांनी आजवर खाल्ली ती?"

हैबती फाटकाकडे वळला. "मी येतोय," तो म्हणाला.