चार बोटं पाण्यावर

“चेहऱ्याकडे बघायचं नाही, सिस्टर. पाण्याकडे बघायचं. ट्यूब टबात बुडवून मी बुडबुडा शोधतो ना, अगदी तसं. गिऱ्हाईक काय बोलतंय, त्याला किती घाई आहे, याच्याकडे माझं लक्ष नसतं.”

बाप्तिस्म्याच्या आदल्या दिवशी आमच्या चर्चच्या शाखेचे अध्यक्ष, प्रेसिडेंट आबेलिटा, मला साक्षीदाराचं काम समजावत होते. आठवड्याचे सहा दिवस ते हमरस्त्यावर पंक्चर काढत आणि रविवारी पांढरा शर्ट घालून मंडळी चालवत. त्यांच्या नखांतला काळेपणा रविवारीही जात नसे.

काम सोपं होतं. हौदात उतरलेला माणूस एका क्षणी सगळाच्या सगळा पाण्याखाली गेला पाहिजे. टाच वर राहिली, केसांची बट तरंगली, तरी ते धरायचं नाही, पुन्हा करायचं. ते पाहायला दोन्ही बाजूंना एकेक साक्षीदार उभा राहतो. एका बाजूला शाखेचे कारकून ब्रदर सुमागायसाय, दुसऱ्या बाजूला मी.

मी टोंगातल्या वावाउ बेटावरची. वयाच्या विसाव्या वर्षी अठरा महिने धर्मप्रचाराची सेवा करायला म्हणून इकडे पनाय बेटावर आले. सेवेचे नेम कडक असतात. साडेसहाला उठायचं, गुडघे टेकून प्रार्थना, मग वाचन, दहाच्या आत घराबाहेर. सोबतीण नजरेआड होऊ द्यायची नाही. अठरा महिने पोहायचं नाही. हा शेवटचा नेम माझ्यासारखीला फार जड. रोज समुद्राच्या कडेने चालायचं आणि पाऊलसुद्धा भिजवायचं नाही. पण सात महिन्यांत माझा एकही नेम चुकला नव्हता. खरं सांगायचं तर त्याचा मला थोडा ताठाच होता.

फक्त माझ्या शिकवणीतून बाप्तिस्मा एकही झाला नव्हता. माझ्या मावसबहिणीचे पापुआतल्या सेवेत अकरा झाले होते. आई दर सोमवारी फोनवर विचारायची, “आणि तुझं गं?”

मग लोला कोन्सोर्सिया भेटली. लोला म्हणजे इकडे आजी. वय बहात्तर. खाडीच्या तोंडाशी एकटी राहायची आणि निपा नावाच्या खाडीकाठच्या झाडाची पानं शिवून छपराच्या ताट्या करायची. सुई इतकी भराभर चालायची की बोलताना तिच्या हातांकडे बघत राहावंसं वाटे. आमचं ती ऐकून घ्यायची, मध्येच थट्टा करायची.

“दारू नाही, तंबाखू नाही, हे ठीक. कॉफीने तुमच्या देवाचं काय घोडं मारलंय?”

“लोला, आम्हालाही कळलेलं नाही,” माझी सोबतीण सिस्टर बाकाल्सो म्हणायची. ती मिंदानाओ बेटावरची, माझ्यापेक्षा वर्षाने मोठी, आणि तिच्या तोंडाला कुलूप नव्हतं. “पण मी सोडली आणि अजून जिवंत आहे. बघा, जाडसुद्धा झाले.”

लोलाने पन्नास वर्षांची कॉफी एका सकाळी सोडली. डबा शेजारणीला देऊन टाकला आणि तांदूळ करपेपर्यंत भाजून त्याचं काळं पाणी प्यायला लागली. बाप्तिस्म्यालाही हो म्हणाली. एकच गोष्ट तिला छळत होती.

समुद्राच्या इतक्या जवळ राहून पाण्याला इतकी भिणारी बाई मी पाहिली नव्हती. अंघोळ तांब्याने, तीही भिंतीला पाठ लावून. तोंड धुतानाही डोळे उघडे.

“डोकंसुद्धा बुडवणार?”

“डोकंसुद्धा. पण एकदाच, लोला. श्वास घेतला की लगेच वर.”

“एकदाच ना?”

“एकदाच.”

सिस्टर बाकाल्सोने बाकाखालून माझ्या पायावर पाय दिला. असा शब्द द्यायचा नसतो, हे मलाही माहीत होतं.

शनिवारी नळाला धार बारीक होती. हौद भरायला साडेतीन तास लागले आणि मी कडेला बसून पाण्यात पडलेले किडे काढत होते. मंडळी जमली. लोला पांढऱ्या झग्यात आली तेव्हा एवढीशी दिसत होती. प्रेसिडेंट आधी उतरले आणि त्यांनी तिला हात दिला. तिने हात घेतला, पण डावा हात कठड्याच्या लोखंडी दांड्यावरच राहिला.

पहिल्यांदा झगा फुगला आणि गुडघा वर आला. ब्रदर सुमागायसाय यांनी मान हलवली. पुन्हा. लोला धापा टाकत होती. तिने माझ्याकडे बघितलं. मी दिलेला शब्द मोडला होता, तो तिच्या डोळ्यांत दिसत होता.

दुसऱ्यांदा प्रेसिडेंटनी शब्द म्हटले आणि तिला मागे वाकवून खाली नेलं. झगा गेला, गुडघे गेले, केस गेले. डावा हात मात्र दांड्यावरच होता. चार बोटं, सांधे पांढरे पडलेली, पाण्याच्या वर. माझ्या बाजूला होती. ब्रदर सुमागायसाय यांना दिसणं शक्यच नव्हतं.

ती वर आली. प्रेसिडेंटनी आधी ब्रदरकडे पाहिलं. ब्रदरनी मान डोलावली. मग माझ्याकडे.

मीही मान डोलावली.

बायकांनी गाणं सुरू केलं. कुणीतरी लोलाच्या अंगाभोवती पंचा गुंडाळला. तिचे ओले केस आणि माझा कोरडा पांढरा पोशाख असा आमचा दोघींचा फोटो निघाला. त्यात मी हसते आहे. सोमवारी तो फोटो घरी गेला. आई फोनवर रडली. आमच्या गावच्या मंडळीत माझं नाव घेऊन प्रार्थना झाली म्हणे.

बाप्तिस्म्याच्या रात्री मी स्वतःला समजावलं की म्हातारी बाई, तिसऱ्यांदा खाली नेली असती तर तिचं काही बरंवाईट झालं असतं. मी दया केली. दुसऱ्या दिवशीही तेच समजावलं. रोज सकाळी गुडघे टेकले की पहिली आठवण दयेची यायची आणि दुसरी त्या फोटोची. नेम सगळे चालू होते. साडेसहा, प्रार्थना, वाचन, दहा. आतून मात्र मी उघडी पडले होते.

तिसरा रविवार उपासाचा होता. आदल्या संध्याकाळपासून मी पाणीसुद्धा घेतलं नव्हतं. प्रसादाच्या भाकरीची थाळी रांगेतून फिरत आली. लोलाने ती घेतली, एक तुकडाही न उचलता पुढे दिली. पाण्याचे पेलेही तसेच पुढे गेले.

“दात दुखत असेल,” सिस्टर बाकाल्सो माझ्या कानाशी म्हणाली.

“दात दुखतो म्हणून कुणी पाणी सोडतं?”

“मग तूच सांग.”

उपासाच्या रविवारी ज्याला वाटेल त्याने उठून साक्ष द्यायची असते. सेविका म्हणून मी दर महिन्याला उठायची. त्या दिवशी गप्प बसले असते तर कुणी विचारलंही नसतं. पण सवयीने पाय उठले आणि मी पुढे जाऊन उभी राहिले. तेच शब्द. हे खरं आहे हे मला ठाऊक आहे, ते खरं आहे हे मला ठाऊक आहे. बोलताना नजर गेली तर लोला माझ्याकडे बघत होती. रागाने नव्हे. बाजारात मासळी ताजी आहे का ते बघावं, तशी. माझी जीभ कोरडी पडली. लोकांना वाटलं मला भरून आलंय. एका बाईने पुढे होऊन मला रुमाल दिला, आणि मी तो घेतला. त्या रुमालाची मला अजून लाज वाटते.

सोमवारी धुण्याचा दिवस. मागच्या अंगणात आम्ही दोघी बादल्या घेऊन बसलो होतो. माझ्या हातात तोच पांढरा पोशाख होता.

“त्याला भोक पडेल,” सिस्टर बाकाल्सो म्हणाली. “अर्धा तास घासते आहेस. कुठे डाग आहे दाखव तरी.”

मी सांगितलं. बोटं, दांडा, मान डोलावणं, सगळं एका दमात. फोटोचं मात्र नाही सांगितलं.

तिने हातातलं धुणं बादलीत सोडलं.

“म्हणजे लोलाचं झालंच नाही?”

“नाही.”

“आणि आपण वर कळवलं. मिशनला आकडा गेला. तुझ्या आईला फोटो गेला.” तिने माझ्या हातातला पोशाख काढून घेतला आणि पिळला. “सिस्टर मोआला, तू मला रोज सकाळी सहा एकतीसला उठले म्हणून टोमणे मारतेस.”

“मारते.”

“आता मारू नकोस.”

“प्रेसिडेंटना सांगायला हवं.”

“आधी लोलाला. बाप्तिस्मा तिचा होता, प्रेसिडेंट पुन्हा पंक्चर काढायला मोकळे आहेत.”

मंगळवारी सकाळी आम्ही खाडीवर गेलो. लोला दारात पानं शिवत बसली होती. तिने भाजलेल्या तांदळाच्या काळ्या पाण्याचे दोन पेले आमच्यापुढे ठेवले. सिस्टर बाकाल्सो पेला घेऊन पंधरा-वीस पावलांवरच्या नारळाखाली जाऊन बसली. तिथून मी दिसत होते, ऐकू मात्र जात नव्हतं.

“लोला, त्या दिवशी तुमचा डावा हात पाण्याच्या वर राहिला होता.”

तिची सुई थांबली नाही.

“मला दिसलं होतं आणि मी मान डोलावली.”

“माहीत आहे, इंदाय,” पोरीला मारायची इकडची हाक मारून ती म्हणाली.

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही.

“हात माझा आहे,” ती म्हणाली. “तो ओला झाला की कोरडा राहिला, हे मला नाही कळणार? वर आल्याबरोबर मी आधी तुझ्याकडेच बघितलं. तू बोटांकडे बघत होतीस. मग मान डोलावलीस आणि हसलीस.” तिने दोरा दाताने तोडला. “घरी येऊन विचार करत बसले. म्हटलं, एक तर यांच्या देवाला चार बोटांचं काही वाटत नाही आणि पोरींनी उगीच मला घाबरवलं. नाहीतर ही पोरगी खोटं बोलते. तीन रविवार झाले, ठरवता येईना. म्हणून भाकरी नाही खाल्ली. जे आपलं झालं की नाही माहीत नाही, ते खायचं कसं?”

“मी खोटं बोलले.”

“हं.”

“तुम्ही घाबरला होतात. मला दया—”

“दया माझ्यावर?” तिने पहिल्यांदा मान वर केली. “इंदाय, ऐक. माझ्या नवऱ्याची होडी उलटली तेव्हा मी याच हाताने होडीचा बांबू धरला होता, आणि दुसऱ्या हाताने त्याला. दुसरा सुटला. हा नाही सुटला. याला सोड म्हटलं तरी हा सोडत नाही, त्याला चाळीस वर्षं झाली. मला तिसऱ्यांदा, दहाव्यांदा विचारलं असतं तर मी रडले असते, तुला शिव्या दिल्या असत्या. पण उतरायचं की नाही ते मी ठरवलं असतं. ते तू माझ्यासाठी ठरवलंस. ही कसली दया?”

मी पुढ्यातल्या पेल्याकडे बघितलं.

“आणि हे बघ.” तिने पेल्याकडे बोट दाखवलं. “जळका तांदूळ. थू. शेजारीण रोज पहाटे माझ्याच डब्यातली कॉफी उकळते आणि वास इकडे येतो. माझं खरं झालं की नाही हे माहीत नसतानाही मी प्यायले नाही. मी हो म्हटलं होतं म्हणून. आता खरं सांग, मान का डोलावलीस?”

“फोटोसाठी,” मी म्हणाले. आवाज माझा मलाच ऐकू येईना, म्हणून पुन्हा म्हणाले, “आईला फोटो पाठवायचा होता. सात महिन्यांत माझं एकही झालं नव्हतं.”

वाटलं, आता ती उठून जा म्हणेल. उठायलाही तयार होते. ती हसली. मोठ्याने नाही, नाकातून.

“मग माझे केस तरी विंचरू द्यायचे होते. भिजलेल्या कोंबडीसारखी दिसते मी त्यात.”

मला रडू आलं. तिने मला रडू दिलं. जवळ घेतलं नाही, पाठीवर हातही ठेवला नाही, आणि ते बरोबरच होतं. ती पुढची ताटी शिवायला लागली.

“पुन्हा उतराल का, लोला?” डोळे पुसून मी विचारलं.

“ते आज विचारायचं नाही.”

“बरं.”

“आधी तू आबेलिटाकडे जा. आणि ‘लोला घाबरली’ असं सांगायचं नाही. लोला घाबरली ते लोला सांगेल. तू तुझं सांग. फोटोचं धरून. तो सुमागायसाय असेल तर त्याच्यासमोर, त्याला उगीच वाटायला नको की चूक त्याच्या चष्म्याची.”

“सांगते.”

“शब्द?”

हा शब्द तोंडातून काढायला मला लाज वाटत होती. मागचा मी कसा पाळला होता ते आम्हा दोघींना माहीत होतं.

“शब्द,” मी म्हणाले.

पेला तोंडाला लावून मी सगळं संपवलं, तळाच्या काळ्या दाण्यांसकट. कडू होतं. उठून पोशाखाला लागलेले पानांचे तुकडे झटकले. नारळाखालून सिस्टर बाकाल्सोने हाताने विचारलं, काय झालं? मी हमरस्त्याच्या दिशेला बोट दाखवलं. तिने पाण्याची बाटली पिशवीत टाकली.

पंक्चरचं दुकान तिथून तीन किलोमीटर. वाटेत तीनचाकी मिळाली असती, पण बसले असते तर पोचेपर्यंत काहीतरी सोपं वाक्य जुळवलं असतं. मी बांधावरून पायीच निघाले.