समेट न झालेला दिवस

मी एक जुने सागवानी बाकडे आहे, मित्रांनो. परळच्या एका सुताराने मला घडवले. पुढे लालबागजवळच्या एका पोलीस चौकीत, बायकांच्या तक्रारींच्या खोलीत मला आणून ठेवले. तोवर गिरण्यांच्या संपाला दोन वर्षे उलटून गेली होती.

त्या खोलीत समाजसेविका गुणवंतीताई बसत. भांडून आलेल्या नवरा-बायकोला त्या माझ्यावर शेजारी बसवीत, समजूत काढीत आणि घरी पाठवीत. किती संसार सावरले, म्हणून चौकीचे साहेब त्यांचे कौतुक करीत. मलाही शुभ बाकडे म्हणत.

एकदा शेवंती आली. तिचा ओठ सुजला होता. सोबत नवरा होता, लवू. गिरणीतला विणकर, आता बेकार. ताईंनी त्याच्यादेखतच विचारले, काय झाले? पाय घसरला, असे ती म्हणाली. बोलताना तिने माझी कड इतकी घट्ट धरली, की नखे लाकडात रुतली. ते फक्त मला कळले आणि मला वाचा नव्हती. हेही दिवस जातील, असे सांगून ताईंनी दोघांना घरी पाठवले.

तीन आठवड्यांनी ती पुन्हा आली, लवूही सोबत होता. तिचा हात प्लास्टरमध्ये होता.  ताई हवालदार अप्पांना म्हणाल्या, लवूला बाहेर बसवा. एकीचेच ऐकून निकाल कसा लावायचा, म्हणून अप्पा कुरकुरले. ताईंनी दार लोटले, खुर्ची सोडली आणि माझ्यावर शेवंतीजवळ येऊन बसल्या.

"मागच्या वेळी मी त्याच्यासमोर विचारलं, ती माझी चूक. आता सांग, घरी जायची भीती वाटते?"

"माराची सवय झालीय, ताई. पण परवा गळा दाबलान. तेव्हापासून डोळा लागत नाय."

त्या दिवशी समेट झाला नाही. ताईंनी तक्रार नोंदवायला लावली, डॉक्टरांचा कागद जोडला आणि अप्पांच्या सोबतीने तिला माहीमला बहिणीकडे धाडले. लवू रडला. ताईंनी त्याला पाणी दिले, निर्णय मात्र बदलला नाही.

त्यानंतर ताई प्रत्येकीला आधी एकटीला बोलवू लागल्या. समेट कमी झाले, तसे साहेबांचे कौतुकही आटले. पुढे ताई निवृत्त झाल्या, लोखंडी खुर्च्या आल्या आणि माझी रवानगी मागच्या पडवीत झाली. इथे कुणी येत नाही.

मित्रांनो, माझी धूळ नाही झटकली तरी चालेल. पण शेजारच्या खोलीतून कुणाचे रडणे ऐकू आले, तर रेडिओ मोठा करू नका. विश्वासातल्या मोठ्या माणसाला सांगा. सगळे कळूनही गप्प राहणे लाकडाच्या नशिबी आहे, तुमच्या नाही.