डाव्या पेटीतला जोड

अध्यक्ष महाशय, तुम्ही बक्षीस मेलेल्या माणसाला दिलंत, आणि ते जिवंत बाईच्या हातातून काढून दिलंत. वर मलाच म्हणालात, अभिमान बाळगा. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे मी पाहिलेत, पण खाऊन झाल्यावर ते निदान तोंड पुसतात. तुम्ही भाषण ठोकलंत.

मी विदोसावा. तुमच्या क्लबाच्या कागदांत मी 'ओब्रादची बायको' आहे. ओब्राद रेल्वेत सिग्नल दुरुस्त करायचा आणि घरी स्पीकरच्या पेट्या बनवायचा. एका पेटीत एकच स्पीकर, खालच्या सुरापासून वरच्या सुरापर्यंत सगळं त्या एकट्याने बोलायचं. दोन-तीन स्पीकर घालून आवाज वाटून देणं हे आपल्या क्लबात पाप. दर ऑक्टोबरात संस्कृती भवनात घरी बनवलेल्या पेट्यांच्या जोड्यांची स्पर्धा होते आणि एकोणीस वर्षांत ओब्रादला सहा वेळा पहिलं बक्षीस मिळालं. सहाही प्रमाणपत्रं आमच्या बैठकीत टांगलेली आहेत. त्यांची धूळ कोण पुसतं ते विचारू नका.

ओब्राद मापं काढायचा, फळ्या जोडायचा. नंतर पेटी माझ्याकडे यायची. अक्रोडाचं व्हिनियर, म्हणजे लाकडाचा कागदासारखा पातळ पापुद्रा, चिकटवणं, घासणं, आणि मग लाखेचं पॉलिश. सुती फडक्यात लोकरीचा बोळा, बोळ्यावर तेलाचा एक थेंब, आणि एकावर एक इतके हात की मोजायची सोय नाही. हात थांबला की तिथे डाग पडतो, म्हणून दाराची घंटा वाजली तरी थांबायचं नाही. तुमचे परीक्षक त्या पेट्यांत आपले चेहरे बघायचे, मिशा सारख्या करायचे आणि ओब्रादच्या पाठीवर थाप मारायचे. तो म्हणायचा, "ती विदाची हौस." एकोणीस वर्षं. त्याने मला मारलं नाही, दारूही बेतानेच प्यायचा. पण त्या तीन शब्दांचा हिशोब मी त्याच्याशी वर गेल्यावर करणार आहे, तुम्ही मध्ये पडू नका.

फेब्रुवारीत ओब्राद गेला. घरात अर्धवट पेटी एकही नव्हती. आदल्या वर्षीची जोडी त्याने भाच्याला देऊन टाकली होती आणि नवीनचं मापसुद्धा काढलं नव्हतं. हे स्रेतेनला ठाऊक होतं. स्रेतेन म्हणजे तुमचा चिटणीस आणि आमचा कूम. माझ्या लग्नात साक्षीला उभा राहिलेला. कुमाचा शब्द आमच्यात भावाच्या शब्दाहून वरचढ, म्हणून त्याला जरा ठळक लिहिते. मरणानंतरचा चाळिसावा दिवस झाला, त्या दिवशीचे उकडलेले गहू वाटून झाले, आणि चौथ्या दिवशी हा कूम ओब्रादकडची कारखान्याची किल्ली परत मागायला दारात. क्लबाचा कारखाना, तिथली करवत, तिथलं व्हिनियरचं दाबयंत्र, हे सगळं फक्त बनवणाऱ्यांसाठी. "नियम आहे, वहिनी." मी नियम वाचला. त्यात लिहिलंय, स्वतःच्या हाताने केलेली जोडी ज्याच्या नावावर स्पर्धेत मान्य होईल तो बनवणारा, त्याला सभासदत्व आणि किल्ली. बाई चालणार नाही असं कुठेही लिहिलेलं नाही. लिहायची गरज पडेल असं तुमच्यापैकी कुणाला वाटलंच नव्हतं.

मला ती किल्ली हवी होती. बाकी काही नाही.

जूनमध्ये मी प्लायवुड आणलं. लाकूडवाल्याने माझ्या कागदावरून फळ्या कापून दिल्या. विचारलं, सुतार कोण? म्हटलं, मी. तो हसला, पण माप नीट घेतलं. तुमच्याहून बरा.

आता पेटीबद्दल लिहिते, कारण तुम्ही तिच्याबद्दल अर्धा तास बोललात. पेटीला हवा जायला एक तोंड लागतं, त्याशिवाय खालचे सूर भरत नाहीत. ओब्राद ते तोंड पुढे ठेवायचा, स्पीकरच्या खाली, गोल. आमच्याकडे येणारा प्रत्येक शहाणा गप्पा मारता मारता त्या भोकात सिगारेटची राख झटकायचा. सगळ्यात जास्त स्रेतेन. मग मी सळईला ओलं फडकं गुंडाळून ती राख काढायची. म्हणून माझ्या पेटीला पुढे भोक नाही. तोंड तळाशी आहे, तळाची फळी आणि बैठकीची फळी यांच्यामधली फट. तिथे राख झटकायला माणसाला जमिनीवर लोळावं लागेल.

त्या फटीतून आत एक पट्टी जाते आणि पट्टी किती लांब यावर सगळं अवलंबून. मी ती मुद्दाम लांब ठेवली, तळाची फळी नुसती स्क्रूंवर बसवली आणि रोज थोडी थोडी पट्टी कापत गेले. आमच्या चर्चमधल्या जाड्या गायकाची टेप लावायची, ऐकायचं, फळी काढायची, अर्धा सेंटीमीटर कापायचं, परत लावायचं. आधी आवाज सुका, मग हळूहळू पोटातून यायला लागला. उजवी पेटी जमली. डाव्या पेटीत मला लोभ सुटला आणि एक काप जास्त मारला. जाडा गायक पिंपात बसल्यासारखा घुमायला लागला. नवीन पट्टी टाकायला लाकूड उरलं नव्हतं, म्हणून बोटभर तुकडा परत चिकटवला आणि जोड घासून घेतला. मग दोन्ही तळाच्या फळ्या गोंदाने कायमच्या चिकटवल्या.

व्हिनियर दाबायला दाबयंत्र नव्हतं, ते तुमच्या कुलपात. मी फळीला आणि व्हिनियरला पांढरा गोंद लावला, सुकू दिला आणि वरून गरम इस्त्री फिरवली. ओब्रादचा शेवटचा सदरा जिने इस्त्री केला तीच.

ऑक्टोबरात भाड्याच्या गाडीतून जोडी संस्कृती भवनात आणली. अर्जावर लिहिलं: बनवणारी, विदोसावा. टेबलावर स्रेतेन. त्याने अर्ज वाचला, पेन काढलं आणि माझ्या नावापुढे कंसात काहीतरी लिहिलं. म्हटलं, काय लिहिलंस? म्हणाला, "ओळख पटायला लिहिलं, वहिनी."

तुम्ही तिघा परीक्षकांनी जोडी ऐकली. डोळे मिटून. शेजारच्या टेबलावरच्या जोडीचा आवाज संपला तेव्हा लोक खोकले होते. माझी संपली तेव्हा कुणी खोकलं नाही, आणि मी वेडी, त्या शांततेवर खूश झाले. मग तुम्ही उठलात. म्हणालात, आज ओब्राद आपल्यात नाही, पण ओब्राद आपल्याशी बोलला. अखेरच्या कामात त्याने पेटीचं तोंड तळाशी नेलं, आयुष्यभराची सवय मोडली, केवढं हे धैर्य! म्हणालात, व्हिनियरचा सपाटपणा बघा, आपल्या क्लबाच्या दाबयंत्राचा हा विजय आहे. म्हणालात, या वर्षी पहिलं बक्षीस कुणालाच नाही. त्याऐवजी ओब्रादला मरणोत्तर सन्मान, आणि ही जोडी काचेच्या कपाटात कायमची. मग सगळ्यांना एक मिनिट उभं केलंत.

मीही उभी राहिले. नवऱ्यासाठी उभं राहायचं नाही तर काय करायचं? ते एक मिनिट मी गप्प होते. मला तेवढ्या एका मिनिटाची लाज वाटते.

मग मी पुढे येऊन सांगितलं की जोडी माझी आहे. तुम्ही माझा हात दोन्ही हातांत घेतलात, गरम पाव धरावा तसा.

"वहिनी, दुःखात माणसाला असं वाटतं."

"दुःख फेब्रुवारीत होतं. पेट्या मी उन्हाळ्यात केल्या."

"पॉलिश तुम्ही केलंत, ते कोण नाकारतंय? पॉलिशला तोड नाही."

मी म्हटलं, स्पीकरचे आठ स्क्रू काढा, आत हात घाला. मागच्या फळीवर आतून पेन्सिलीने माझं नाव आहे. आपल्यात प्रत्येक जण पेटी बंद करण्यापूर्वी नाव लिहितो, मीही लिहिलं. तुम्ही मागे सरकलात, जणू मी थडगं उकरायला सांगितलं होतं. म्हणालात, "ओब्रादने आवळलेला स्क्रू या क्लबात कुणी सैल करणार नाही." टाळ्या पडल्या. मीच आवळलेले स्क्रू, आणि टाळ्या. उंटावरून शेळ्या हाकणारे तुम्ही, तुमच्यापैकी तिघांना तर स्क्रू कुठल्या बाजूला फिरवायचा हेही माहीत नाही. गेल्या वर्षी तुमच्या पुतण्याची जोडी कुणी सोल्डर करून दिली होती? ओब्रादने. त्याचं प्रमाणपत्र तुमच्या पुतण्याकडे आहे. म्हणजे दुसऱ्याचं काम तिसऱ्याच्या नावावर लावायची क्लबाला सवय आहे. माझ्या वेळी फक्त माणूस मेलेला निवडलात.

आठ दिवसांनी स्रेतेन घरी आला. मी कॉफी ठेवली. कूम आहे, दारातून घालवता येत नाही. तो बराच वेळ टोपी फिरवत बसला. मग म्हणाला, "मला माहीत आहे, विदा."

"काय माहीत आहे?"

"कपाट बंद करायच्या आधी मी राख झटकायला गेलो. सवयीने. भोकच नाही." तो जमिनीकडे बघत होता. "ओब्राद असता तर भोक असतं."

मी म्हटलं, मग हे अध्यक्षांना सांग.

"कपाटावरचा ओब्रादच्या नावाचा फलक कोरून झालाय. पितळेचा आहे."

पितळेचा आहे! कुमाने मला सांगितलं की पितळ खोडता येत नाही म्हणून मी खोडली जाणार. मग त्याने निरोप सांगितला: पुढच्या वर्षीपासून क्लब पॉलिशसाठी वेगळं बक्षीस ठेवणार आहे, बायकांसाठी, पहिलं मलाच. आणि फेब्रुवारीत ओब्रादच्या वर्षश्राद्धाला क्लब पुष्पचक्र घेऊन येईल, तेव्हा मी तमाशा करू नये. मेलेल्या माणसाची शोभा होईल.

कॉफी उकळून वर आली होती. ती मी मोरीत ओतली. त्याच्या डोळ्यांदेखत. आमच्यात कुमाला असं करत नाहीत, त्याचा चेहरा पाहून मला कळलं की त्याला ते कळलंय. तो गेला. टोपी विसरला. टोपी दाराबाहेरच्या खिळ्याला टांगली आहे, घेऊन जायला सांगा.

आता तुम्ही ऐका. कपाटाची किल्ली तुमच्या खिशात असते. येत्या शनिवारी अकरा वाजता मी संस्कृती भवनात येते, स्क्रूड्रायव्हर माझा. तुम्ही काय सापडेल म्हणून घाबरता ते मी आधीच लिहून देते, म्हणजे नंतर कुणी मागून घातलं असं म्हणायला नको. पेटीच्या आत भरलेली लोकर बाजूला करा. मागच्या फळीवर माझं नाव आणि सप्टेंबर. पेन्सिलीचं कुणीही लिहील असं म्हणाल, म्हणून नावाच्या खाली बघा: प्लायवुड कारखान्याचा निळा शिक्का आहे, त्यात जून महिना छापलेला. मग डाव्या पेटीत हात कोपरापर्यंत घाला आणि तळाच्या पट्टीवरून बोट फिरवा. शेवटी बोटभर अंतरावर एक जोड लागेल. ती माझी चूक आहे. बक्षीस तुम्ही कुणालाही द्या, ती चूक मी ओब्रादला देणार नाही.

ओब्रादला आपण फेब्रुवारीत पुरलं. खांदा तुम्हीही दिला होतात. तर जूनची फळी आणून कुणी कापली, आणि डाव्या पेटीतला तो जोड कुणी केला? क्लबाच्या कागदावर, तुमच्या सहीने, त्या माणसाचं नाव लिहून मला पाठवा. शनिवारच्या आत.