शिलाई मशीनखालचा मोजणीदार

मी एक जुना मोजणीदार आहे, मित्रांनो. जमिनीचा नव्हे, पावलांचा. काडेपेटीएवढं माझं अंग, त्यावर आकडे दाखवणारी छोटी काच आणि कमरेला अडकवायला मागे चिमटा. सध्या माझा मुक्काम बटणांच्या डब्यात आहे.

कारखान्यातून मी आरोग्य केंद्रात आलो. तिथे सकाळी सहाला चालणाऱ्यांचा गट जमायचा. गटाच्या सिस्टरनी मला शिंपीणकाकूंच्या हातात दिलं, कारण काकूंची साखर फार वाढली होती. पहिला आठवडा मजेचा गेला. त्या चालायच्या, मी मोजायचो आणि दोघेही दमून घरी यायचो.

मग शाळेच्या गणवेशांचं काम आलं आणि काकू मशीनला चिकटल्या. चालणं सुटलं, पण दर शनिवारी गटात सगळ्यांचे आकडे वाचून पुन्हा शून्यावर आणले जायचे. काकूंचा आकडा ऐकून गटातल्याच त्यांच्या नणंदेने नाक मुरडलं. घरी येऊन काकूंनी मला इलॅस्टिकच्या पट्टीने मशीनच्या पायडलला बांधलं. पाय तर दिवसभर हलतातच की, असं त्या स्वतःशीच म्हणाल्या. त्यांना ते खरंच वाटत होतं, म्हणून मला त्यांचा राग येत नाही.

पण माझे हाल काय सांगू! वर, खाली, वर, खाली. समोर भिंत, अंगावर दोऱ्यांचे तुकडे. एकही पाऊल पुढे नाही आणि आकडा मात्र वाढतोय. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

शनिवारी माझा आकडा ऐकून टाळ्या पडल्या. काकूंचं नाव फळ्यावर सगळ्यांत वर लागलं. गटाने त्यांना हरभऱ्याच्या झाडावर चढवलं आणि उतरायची सोय ठेवली नाही. आता खरं सांगायचं कोणत्या तोंडाने? मी पायडलला बांधलेला, तर त्या फळ्याला.

महिन्याने डॉक्टरांनी रक्ताचा अहवाल पाहिला. साखर थोडीच उतरली होती. "एवढं चालूनही ही गत? मग गोळी वाढवावीच लागेल," ते म्हणाले. काकूंनी मान डोलावून चिठ्ठी पिशवीत टाकली. मी त्यांच्या पिशवीतच होतो, पण मला आकड्यांखेरीज काही बोलता येत नाही.

वाढवलेली गोळी घेऊन काकू जेवणाची वेळ टाळून शिवत बसायच्या. एका दुपारी त्यांचे पाय मध्येच थांबले. हात थरथरले, घामाने कपाळ भिजलं आणि त्या मशीनवरच कलंडल्या. साखर एकदम उतरली होती. सुनेने धावत येऊन साखरपाणी पाजलं आणि सिस्टरना बोलावलं. काकू सावरल्या. खाली पडलेली कात्री उचलायला सिस्टर वाकल्या आणि त्यांना मी दिसलो.

त्यांनी पट्टीला बोट लावून काकूंकडे पाहिलं. मग काकूच म्हणाल्या, "फळ्यावर नाव लागलं गं, मग सांगायचं धाडसच होईना."

"फळा मी आजच पुसते," सिस्टर म्हणाल्या. "डॉक्टरांना सगळं सांगू. बरं वाटलं की सकाळी या. हा नको बरोबर. दहा पावलं झाली तरी पुष्कळ."

सिस्टरनी मला सोडवलं, सुनेने या डब्यात टाकलं. डॉक्टरांनी गोळी कमी केली. आता रोज सहाला दार उघडतं आणि काकूंच्या चपलांचा आवाज जिन्यावरून उतरत जातो. मी डब्यात बसून मनातल्या मनात मोजतो. तेरा पायऱ्या, मग रस्ता लागला की काही ऐकू येत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी माझा एखादा भाऊबंद असेल, तर त्याला खोटं बोलायला लावू नका. आमचं काही जात नाही, तुमच्या जिवावर बेततं. आणि कधी बटण शोधायला हा डबा उघडलात, तर माझं एक काम करा. माझ्या काचेवर अजून एकवीस हजार चारशे दिसतात. त्यातलं एकही पाऊल कुणी टाकलेलं नाही. मला तेवढं शून्यावर आणा.