दुपारी दिलेलं रक्त

मित्रांनो, मी रत्नागिरीतल्या एका छोट्या लॅबमधला जुना सेंट्रिफ्यूज आहे. रक्ताच्या नळ्या पोटात घ्यायच्या, गरगर फिरवायच्या, तांबड्या पेशी खाली बसवून पिवळसर पाणी वर आणायचं, एवढंच माझं काम. पुढची तपासणी दुसरी यंत्रं करतात आणि नावही त्यांचंच होतं. माझ्या वाट्याला फक्त "किती खडखडतोय हा!" चालायचंच.

गेल्या वर्षी राजापूरकडचा अमरदीप आला. मुंबईत रात्रपाळी करणारा, लग्नाला दोन वर्षं झालेला, सदा थकलेला. डॉक्टरांनी टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषांच्या अंगातलं एक संप्रेरक, तपासायला सांगितलं होतं. चिठ्ठीवर 'सकाळी, उपाशीपोटी' असं स्पष्ट लिहिलेलं. पण सकाळी बाजारात चार ओळखीचे भेटणार आणि कसली तपासणी म्हणून विचारणार! दुपारी आमच्याकडे दुकानं मिटतात, रस्ते ओस पडतात. म्हणून हा पठ्ठ्या रात्रभर बसमध्ये जागून, घरी बांगड्याचं जेवण हाणून, तीन वाजता हजर.

"सकाळी या हो," लॅबच्या दर्शनाताई म्हणाल्या.

"गाडी हाय संध्याकाळची. घ्या ना आताच."

ताईंना नाही म्हणवलं नाही. ती चूकच झाली. मीही ती नळी मुकाट फिरवली.

आकडा कमी आला. अमरदीपने तो मोबाइलवर स्वतःच वाचला आणि डॉक्टरांकडे फिरकलाच नाही. आठवड्याने त्याची बायको तेजल त्याला ओढतच घेऊन आली. तिचे डोळे सुजलेले होते.

"ताई, हे धड जेवत नायत. म्हणतात, माझ्यातच दोष हाय, तू माहेरी जा, दुसरं लग्न कर."

दर्शनाताईंनी रिपोर्टच्या कागदावरची रक्त घेतल्याची वेळ दाखवली. "हे संप्रेरक सकाळी जास्त असतं, दुपारी उतरतं. जागरणाने, जेवणानेही घटतं. एका आकड्यावर कुणी निदान करत नाही. नीट झोप घ्या आणि दोन वेगवेगळ्या सकाळी उपाशी या."

तेजल नवऱ्याकडे वळली. "एवढ्याशा कागदावर मला घालवायला निघालात? मला एकदा विचारलंत?"

अमरदीप तिथेच बाकावर बसून रडला. मला फार वाईट वाटलं.

मग दोन सकाळी दोघं बरोबर आली. दोन्ही आकडे ठीक निघाले. डॉक्टरांनी थकव्याचं खापर अपुऱ्या झोपेवर फोडलं आणि त्याने दिवसपाळी मागून घेतली.

मित्रांनो, मोठेपणी तुमच्या हातीही असा एखादा कागद येईल. तो मुठीत दाबून एकटे कुढत बसू नका. डॉक्टरांना दाखवा, आणि त्याहून आधी आपल्या माणसाला.