जप्तीतली अंडी

सगळी गल्ली जिला वहिनी म्हणते, तिच्या उबवणी यंत्राच्या दारावर करखात्याच्या साहेबांनी सील चिकटवलं, तेव्हा आतल्या चारशे अंड्यांचा एकोणिसावा दिवस होता. कर थकवला होता धाकट्या दिराने. पण शेड होती दोघा भावांच्या नावावर, आणि शेडमधलं सगळं जप्त करायचा अधिकार खात्याला. वा रे न्याय! दीर मात्र कुठे तोंड लपवून बसला होता, देव जाणे.

"साहेब, परवा पिल्लं बाहेर पडतील हो," वहिनीने गयावया केली.

"वीज चालू ठेवलीय ना?" एवढं बोलून साहेब गाडीत बसले.

एकविसाव्या दिवशी सकाळी आत चिवचिव सुरू झाली. यंत्रातला पाण्याचा ट्रे एव्हाना कोरडा पडला असणार, आणि ओल संपली की पिल्लं कवचालाच चिकटून मरतात. वहिनी तडक ऑफिसात गेली. साहेब प्रशिक्षणाला गेलेले, थेट सोमवारी येणार. कारकुनाने सावकाश फाइल उघडली.

"ज्यांनी सील लावलं, त्यांनीच काढायचं असतं, ताई."

"अहो, जिवंत पिल्लं आहेत आत!"

"पंचनाम्यात अंडी लिहिलीत, नग चारशे. पिल्लं निघाली तर माल जुळायचा नाही. तुम्हीच गोत्यात याल."

वहिनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मग पिल्लांना काय सांगू? सोमवारपर्यंत कवचातच बसा म्हणून?"

"सील तोडलंत तर तुरुंग आहे," कारकून म्हणाला आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

घरी नवऱ्याने हात जोडले. "थांब गं दोन दिवस. खात्याशी वाकडं घेऊन कुणाचं भलं झालंय?"

वहिनीने यंत्राच्या दाराला कान लावला. आवाज सकाळपेक्षा बारीक झाला होता. "भावाने थकवायचं, तुम्ही घाबरायचं आणि यांनी मरायचं! चांगलं आहे की!" असं म्हणत तिने सील टराटरा फाडलं.

कोमट पाण्यात बोटं बुडवून ती एकेक कवच सोडवत राहिली. नवराही शेजारी बसून कवचं सोडवू लागला. दुपारी तिने ऑफिसात फोन लावला.

"सील मी तोडलंय. माझंच नाव लिहा. दोनशे चाळीस जगलीत. एकशे साठ मेली, ती कुणाच्या नावावर लिहायची, तेवढं साहेबांना विचारून ठेवा."